मांडव्याची मर्यादा

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषीची जी कथा आली आहे, ती कीर्तनातून ऐकलेल्या बहुतेकांच्या स्मरणात राहते ती शुळाच्या भयानकतेमुळे. तिच्यातले दंडनीतीचे मर्म मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते. मौनव्रत धरून आश्रमाच्या दाराशी तप करीत असलेल्या या ऋषीच्या पर्णकुटीत चोरांनी लुटीचा माल दडवला, मागावर आलेल्या राजाच्या शिपायांनी विचारपूस केली, ऋषीने मौन सोडले नाही, आणि मुद्देमाल त्याच्या आवारात सापडला या सबबीवर चोरांबरोबर त्यालाही सुळावर चढवण्यात आले. तपोबलाने तो जिवंत राहिला. राजाला पश्चात्ताप झाला. सूळ उपटून निघेना म्हणून तो कापण्यात आला. आणि त्याचे टोक देहात वागवीतच मांडव्याने यमधर्माच्या दरबारी आपली फिर्याद नेली. कोणत्या अपराधाचा हा दंड, या त्याच्या प्रश्नाला धर्माने दिलेला जबाब विलक्षण आहे. बालपणी खेळता खेळता तू उडत्या किड्यांच्या पुच्छभागी गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास, त्याचे हे फळ, असे धर्म म्हणाला. मांडव्याने हा निवाडा मानला नाही. अल्प अपराधाला अघोर दंड देणाऱ्या प्रत्यक्ष धर्मालाच त्याने मनुष्ययोनीत, दासीच्या पोटी जन्म घेण्याचा शाप दिला, ज्यातून पुढे विदुर जन्मला. आणि त्याच वेळी त्याने जगासाठी एक मर्यादा घालून दिली, की वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत घडलेल्या कृत्याचे पातक कर्त्याला लागू नये.

भारत सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधी जो हुकूम काढला, आणि जो मध्यंतरी मुदत वाढवून मिळाल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला, त्याची व्याप्तीही चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरतीच आहे. या वयाच्या मुलांसाठी केलेले खेळणे भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्यावाचून आणि आयएसआय चिन्हावाचून तयार करता येत नाही, आयात करता येत नाही, विकता येत नाही, विक्रीसाठी साठवूनही ठेवता येत नाही. हुकमाचा मसुदा लिहिणाऱ्या अंमलदाराने आदिपर्व उघडून पाहिले असेल असे मानण्याचे कारण नाही. त्याने ही वयोमर्यादा परदेशी मानकांवरून उचलली असणार. परंतु ज्या वयापर्यंत मनुष्य आपल्या खेळाचा जाब देण्यास पात्र नाही असे एका प्राचीन ऋषीने ठरवले, त्याच वयापर्यंत त्याच्या खेळण्याचा जाब इतरांनी द्यावा असे एका अर्वाचीन सरकारने ठरवावे, हा योगायोग विचार करण्याजोगा खचित आहे.

कारण मांडव्याच्या निवाड्यात एक प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. आपल्या शास्त्रकारांनी कर्मसिद्धान्ताला दोन दोषांपासून सांभाळले आहे: केलेल्या कर्माचे फळ मिळाल्यावाचून ते कर्म लोप पावावे, हा कृतहानीचा दोष, आणि न केलेल्या कर्माचे फळ कोणाच्या माथी यावे, हा अकृताभ्यागमाचा. मांडव्याने बालकाला मुक्त केले, पण काडी खुपसलेला किडा तर तडफडलाच. त्याच्या वेदनेचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा? कथेत या प्रश्नाला जागाच नव्हती, कारण ती काडी रानात आपोआप उगवलेली होती. ती कोणी घडवली नव्हती, विकली नव्हती, की बाजारात मांडून तिच्यासाठी पोराला भुलवले नव्हते. आजच्या खेळण्याचे तसे नाही. त्याच्यामागे साचा ओतणारा आहे, रंग कालवणारा आहे, गोणी भरून आणणारा आहे, घाऊक पेढीवाला आहे, हातगाडीवाला आहे, आणि शेवटी खिशातून दहाची नोट काढणारा बापही आहे. पाप बालकाच्या डोक्यावरून उतरले तर ते यांपैकी कोणाच्या डोक्यावर बसते, हे सांगणे म्हणजेच बंदीचा कायदा करणे, असे मला वाटते. आणि कायद्याची सारी नैतिक परीक्षा ते सांगणे खरे की खोटे यावरच अवलंबून आहे.

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत संक्रांत जवळ आली, की नायलॉनच्या मांजाच्या शोधासाठी पोलिसांच्या धाडी सुरू होतात, फिरक्या जप्त होतात, आणि वर्तमानपत्रांत जप्त मालाच्या ढिगामागे उभ्या राहिलेल्या शिपायांची छायाचित्रे येतात. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी कृत्रिम धाग्याच्या मांजाचे उत्पादन, साठवण, विक्री आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. तिला वर्षे लोटली, आणि तरीही दर पौषात दुचाकीवरल्या कोणाचा तरी गळा चिरल्याची आणि तारेत अडकलेल्या घारी-बगळ्यांची वार्ता महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या गावाहून येतेच. येथे मांडव्याची कथा जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा घडते. गच्चीवर उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाची नजर आकाशात आहे. पाखराचा पंख तुटावा असे त्याच्या मनातही नाही. पण दोरा त्याच्या हाती आहे. त्याला पातकी म्हणणे म्हणजे यमधर्माची चूक पुन्हा करणे. सुती दोऱ्याहून हा धागा स्वस्त पडतो आणि काटाकाटीत हार जात नाही, एवढ्या हिशेबावर जो तो गोदामात भरून ठेवतो, आणि विचारल्यावर जो पोरेच मागतात म्हणून सांगतो, त्याचे बोट मुलाकडे वळते ते नेमके मांडव्याच्या मर्यादेमागे स्वतः दडण्यासाठी. बालकाच्या निष्पापपणाची ढाल प्रौढाने वापरावी, याहून निंद्य प्रकार व्यापारात दुसरा नसेल.

बालक हे विधिनिषेधाचे पात्रच नव्हे, ही भूमिका केवळ मांडव्याची नाही. उपनयनापूर्वी मुलाने वाटेल तसे वागावे, वाटेल ते बोलावे, वाटेल ते खावे अशी मोकळीक गौतमधर्मसूत्राने दिली आहे. आणि जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा लिहिला, त्यातही व्यक्तीच्या स्वहिताच्या नावाखाली सरकारने तिच्यावर जबरदस्ती करू नये हे तत्त्व सांगताना अज्ञान मुलांना त्याने स्पष्टपणे वगळले आहे. म्हणून खेळण्यांवरील बंदीविरुद्ध व्यक्तिस्वातंत्र्याची जी कैफियत मांडली जाते, ती मला पोकळ वाटते. या बंदीने मुलाचे कोणतेही स्वातंत्र्य जात नाही, कारण तिचा एकही शब्द मुलाला उद्देशून नाही. जाते ते विकणाऱ्याचे आणि विकत घेणाऱ्याचे. आणि दुसऱ्याच्या पोटात विष घालण्याच्या मुभेला स्वातंत्र्य म्हणावे असे मिलही म्हणाला नसता.

मीमांसकांनी निषेधाचा विचार करताना कलंजभक्षणाचे उदाहरण घेतले आहे. विषदिग्ध बाणाने मारलेल्या पशूचे मांस, असा कलंजाचा एक रूढ अर्थ सांगतात. ते खाऊ नये या आज्ञेचे पालन करणाऱ्याला स्वर्ग मिळत नाही, पुण्य मिळत नाही. त्याचा अनर्थ टळतो, एवढेच. निषेधाच्या या कोरडेपणात मला मोठे शहाणपण दिसते. बंदी पाळणारा दुकानदार पुण्यवान ठरत नाही. चिन्हांकित खेळणे आणणारी आई त्यामुळे अधिक वत्सल होत नाही. पण त्या उदाहरणाची निवड आणखीही काही सुचवते. विषारी बाणाने पडलेल्या हरणाचे मांस पानात वाढल्यावर निरोगी मांसासारखेच दिसते. जेथे अपाय डोळ्यांना दिसत नाही, तेथेच आज्ञेची खरी गरज असते.

दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अपायांतला हा भेद न केल्यामुळे बालसंरक्षणाच्या नावाखाली पुष्कळ भाबडेपणा बोलला जातो. खानदेशात आखाजीला निंबाच्या उंच फांदीला झोका बांधतात, माहेरी आलेल्या मुली आणि त्यांच्या धाकट्या बहिणी तो आभाळाला भिडेपर्यंत चढवतात, आणि त्या झोक्यावरून पडून कोपर फुटलेल्या मुलीही प्रत्येक गावात निघतील. म्हणून झोक्यावर बंदी घालावी काय? मुळीच नाही. उंची मुलीला दिसते. वेग तिच्या पोटात कळतो. दोराचा पीळ ती हाताने चाचपून पाहते. तो धोका दृष्ट आहे, आणि दृष्ट धोका हा मुलांचा गुरू आहे. याउलट खुळखुळ्याच्या लाल रंगातले शिसे कोणत्या इंद्रियाने ओळखावे? ते चवीला किंचित गोडच लागते, म्हणून मूल ते अधिक चाटते. ते मेंदूच्या वाढीला बाधा करते, आणि त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा वैद्यकाला ठाऊक नाही. घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. पण भिंत चाटणारी मुले थोडी आणि खेळणे चाटणारी सगळीच. हेच बाहुलीच्या पोटातल्या सुट्या गोल सेलचे, गळून पडणाऱ्या डोळ्याचे, प्लास्टिक मऊ करण्यासाठी मिसळलेल्या रसायनाचे. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्लीच्या परिसरातील बाजारांतून १२१ प्रकारची खेळणी तपासली, तेव्हा त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नापास ठरली. ती विकत घेणाऱ्या आईबापांपैकी कोणालाही नुसत्या डोळ्यांनी ती तशी दिसली नव्हती.

जाता जाता पांगुळगाड्याविषयी. कॅनडाने २००४ साली मुलांच्या चाकांच्या वॉकरवर सरसकट बंदी घातली, हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना हसू येते. पण सुताराने केलेला आपला लाकडी पांगुळगाडा आणि हा वॉकर या भिन्न वस्तू आहेत. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते, आणि पाय थकले की गाडा थांबतो. वॉकरमध्ये ते झोळीत लोंबकळत राहते, आणि पायांत बळ येण्याआधीच त्याला वेग मिळतो. जिन्याच्या तोंडाशी तो वेग कामी येतो तो नको त्या रीतीने. शक्तीआधी गती देणारी वस्तू धोकादायक, ही गोष्ट जुन्या सुताराला कोणत्याही मानकावाचून कळत होती.

एवढे सगळे बंदीच्या बाजूचे झाले. पण बंदी हे शस्त्र हाती आले की सरकारला ते दुर्बळावर चालवण्याचा मोह होतो, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच इलाख्याच्या इतिहासात आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात मुंबईतल्या कामकरी स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची गोळी चारून कामावर जात. तिला बाळागोळी असे गोंडस नाव होते. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या स्त्री-वैद्यांनी पाहणी करून नोंदवले, की कामकरी स्त्रियांच्या अर्भकांपैकी शंभरांतील ९८ अर्भकांना अफू दिली जात होती. पुढे १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगानेही १९३१ च्या आपल्या अहवालात या प्रकाराची दखल घेतली. आता या पातकाचा हिशेब मांडून पाहा. मूल निष्पाप, याविषयी वादच नाही. आई? ती दहा तास गिरणीत उभी. घरी मुलाला पाहणारे कोणी नाही. मूल रडले तर शेजारीण कुरकुरते, आणि कामावर न गेले तर चूल पेटत नाही. गोळी तिच्या बोटांनी मुलाच्या तोंडात जात होती, हे खरे. पण तीच अफू सरकारी परवान्याच्या दुकानातून विकली जात होती आणि तिच्या मक्त्याचा पैसा सरकारी खजिन्यात जमा होत होता. एका हाताने विकावे आणि दुसऱ्या हाताने विकत घेणाऱ्या आईला अडाणी म्हणून दटावावे, यात धर्म कोठे उरला?

आयोगाने सुचवलेला उपाय म्हणूनच मला मोलाचा वाटतो. त्याने जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात अशा गिरण्यांत पाळणाघरे सक्तीची करावी, अशी शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना तसा अधिकार दिला. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले, आणि १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. पाळणाघर आल्यावर आईला गोळीची गरजच उरत नाही; आणि पाळणाघर न देता नुसती गोळी हिरावून घ्यावी, तर रडणारे मूल आणि सुटलेली नोकरी यांतून निवड करण्याचा भार तेवढा तिच्यावर राहतो. जेथे वागण्याचा दुसरा मार्ग नाही तेथे जबाबदारी नाही, हे नीतिशास्त्रातले पहिले कलम आहे. ज्या प्रतापशेठांनी अमळनेरात कापडाची गिरणी चालवली, त्यांनीच तेथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली, आणि तेथे ब्रह्म व माया यांचा ऊहापोह देशोदेशीच्या पंडितांच्या तोलाने झाला. पण कर्तृत्व कोणाचे हा वेदान्तातला जुना प्रश्न गिरणीत उभ्या असलेल्या आईपुढे ठेवून पाहिला, तर त्याची धार मला जेवढी तीक्ष्ण वाटते, तेवढी ती कोणत्याही भाष्यग्रंथात वाटलेली नाही.

खेळण्यांच्या हुकमामागचा हेतूही शुद्ध बालहिताचा नाही, असा आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाही. २३ जानेवारी २००९ रोजी सरकारने चिनी खेळण्यांची आयात सहा महिने बंद केली आणि मार्चमध्ये प्रमाणपत्राच्या अटीवर पुन्हा खुली केली. २०२० साली हुकमाबरोबरच आयात खेळण्यांवरील जकात वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेली, आणि २०२३ साली सत्तरवर. देशी कारखानदाराचे संरक्षण आणि देशी बालकाचे संरक्षण ही एकाच फर्मानात गुंफली गेली आहेत, यात संशय नाही. मग मिश्र हेतूने केलेले सत्कर्म वाया जाते काय? याचा विचार करताना धुळ्याच्या तुरुंगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी तेथे कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. त्यांत विनोबांनी विकर्म या पदाचा जो अर्थ लावला, तो परंपरेहून वेगळा आहे: बाहेरून केलेल्या कर्माला आतून मिळणारी मनाची जोड म्हणजे विकर्म, आणि ही जोड मिळाली म्हणजे कर्माचे ओझे राहत नाही. सरकारला मन नसते, म्हणून त्याच्याकडून विकर्माची अपेक्षा करणे व्यर्थ. ते फक्त बाह्य कर्म करू शकते, आणि त्या कर्माची किंमत त्याच्या परिणामावरून करावी हेच योग्य. जे शिसे मुलाच्या रक्तात गेले नाही, ते मंत्रालयाच्या कोणत्या हिशेबामुळे गेले नाही याची विचारपूस ते रक्त करीत नाही. आतली जोड द्यायची ती घरच्यांनी. बाटलीच्या व डब्याच्या दुधाची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद केली; पण बाळाच्या डोळ्यांत घालायचे काजळ घरच्या दिव्यावर धरलेले आहे की बाजारातल्या शिसेमिश्रित सुरम्यातून आले आहे, हे पाहायला कोणताही निरीक्षक माजघरात येणार नाही, आणि येऊही नये.

मात्र हेतूची चौकशी सोडली तरी अंमलाची सोडता येत नाही. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात दुकाने लागतात. चैत्रात धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा भरते. पिपाण्या, भिंगऱ्या, प्लास्टिकच्या बाहुल्या, चावीच्या मोटारी यांच्या टोपल्या घेऊन जी बाई पोराला मांडीवर घेऊन बसते, तिला आयएसआय हे चिन्ह कशाचे हे माहीत असण्याची शक्यता कमी. धाड टाकायची झाली तर ती सर्वांत सोपी जागा. माल उघडा, मालकीण हजर, पंचनामा अर्ध्या तासात. बंदरात उतरलेल्या पेट्यांचा आयातदार आणि घाऊक पेढीचा शेठ तेथे नसतात. मांडव्याच्या कथेत अन्याय दोन झाले होते, आणि आपण यमाचा तेवढा लक्षात ठेवतो. ज्याच्याजवळ माल सापडला तो चोर, हा राजाच्या शिपायांचा न्याय पहिला. आणि आपल्याकडे तो अद्याप रद्द झालेला नाही.

राहता राहिला कारागिरांना दिलेल्या सवलतीचा प्रश्न. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी केलेली खेळणी आणि भौगोलिक निर्देशांकाने संरक्षित वस्तू यांना डिसेंबर २०२० मध्ये हुकमातून वगळण्यात आले. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर किंवा खानदेशात पोळ्याला मिळणाऱ्या मातीच्या बैलांवर ज्याचा जीव आहे, त्याला या सवलतीचा आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे, आणि मलाही झाला. समोरासमोर विकणारा हात यंत्राहून अधिक विश्वासाचा, ही त्यामागची भावना जुनी आणि प्रेमळ आहे. पण शिशाला जातपात नाही. तेच लाल ऑइलपेंट यंत्राने फवारले काय आणि कुंचल्याने फिरवले काय, चाटणाऱ्या मुलाला फरक पडत नाही. आणि कारागिराला स्वतःलाही आपल्या डब्यात काय आहे हे कळत नाही, कारण डबा त्याने नाक्यावरच्या दुकानातून आणलेला असतो. परवान्याच्या फीपासून आणि कागदपत्रांच्या जाचापासून त्याला मुक्त ठेवावे हे रास्तच. पण त्याच्या रंगाची परीक्षा मुक्त ठेवण्यात कोणाचे हित आहे? नोंदणीचा दाखला देतानाच वर्षातून एकदा त्याच्या रंगाचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत सरकारी खर्चाने तपासून द्यावा, आणि शिसे निघाले तर दंड डबा विकणाऱ्या रंगाच्या कारखान्याला व्हावा. २०१६ च्या नियमाने रंगाचा कारखानदार आधीच बांधला गेलेला आहे. त्याच्या दारापर्यंत जाण्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही, निरीक्षकाच्या प्रवासभत्त्याची मंजुरी पुरेशी आहे.